काचेवरची खरवडलेली जागा

सोमवार, ३ नोव्हेंबर

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक छत्री आणि ठकूने जबरदस्तीने कोंबलेला तिचा कापडी हत्ती. स्टुडिओच्या वरच्या खोलीत माझी सोय केली आहे. खिडकीतून समोर शिंप्याचं दुकान दिसतं, नळाला पाणी आहे, आणि गादी माझ्यापेक्षा वयाने मोठी असावी. पण आज मी इतकी खूश आहे की फरशीवरही झोपले असते.

काम माझ्या आवडीचं. इथे काचेच्या जुन्या निगेटिव्ह आहेत, त्यांना सगळे प्लेटा म्हणतात. त्या पुसायच्या, तपासायच्या, त्यांच्या प्रती काढायच्या. जुने फोटो दुरुस्त करण्यातच माझी उमर गेली, त्यामुळे हे काम म्हणजे निमित्त. खरं कारण म्हणजे आई गेल्यावर तिच्या कपाटात, कपड्यांच्या तळाशी सापडलेला फोटो. एक भरलेलं घर, सगळे नीट बसलेले, आणि मधोमध माणसाएवढा काळा डाग. मागे या स्टुडिओचा शिक्का.

आई म्हणायची, मला कोणी नाही. जास्त विचारलं की फडकं घेऊन उठायची. तसंही तिने जन्मात कधी बूड टेकवलं नाही. जेवायचीसुद्धा उभ्याने. पायाला भिंगरी लागलीय तुझ्या, असं मी चिडवायचे. फोटो तर तिने एकही काढू दिला नाही.

मध्यंतरी ठकूने विचारलं, आजीची आई कोण? सात वर्षांच्या लेकीला मी दुसरीच गोष्ट सांगून वेळ मारून नेली. ते मनाला लागून राहिलं आहे. पुढच्या शनिवारी तिचा बाबा तिला घेऊन येणार आहे. तोवर तिला एक आजोळ शोधून द्यायचं, असं ठरवून आले आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

प्लेट सापडली! खाली कोणी नव्हतं, नाहीतर नाचतच सुटले असते.

मालक ऐंशीच्या पुढचे, कायम स्वेटरमध्ये, बोलणं अगदी मोजकं. हा स्टुडिओ त्यांच्या वडिलांचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक गोष्ट बजावली होती. पुसा, प्रत काढा, पण कुठे खरवडलेलं दिसलं तर ते भरू नका. मी मान डोलावली. म्हातारी माणसं काहीतरी सांगतात आणि आपण मान डोलावतो.

फोटो काढायची खोली तशीच ठेवली आहे. छताला मोठी काच, जिना रंगवलेला पडदा, आणि कोपऱ्यात लोखंडी दांड्या. त्या काळच्या कॅमेऱ्याला वेळ लागायचा. तेवढ्यात जो हलला तो फोटोत धुरकट यायचा. म्हणून खुर्चीमागे दांडी उभी करून तिच्या आकड्यात मान अडकवायचे. मी गंमत म्हणून मान टेकवून पाहिली. थंडगार!

प्लेट उजेडावर धरून तासभर बघत बसले. मधे खुर्चीत जाडजूड बाई, जबडा थेट माझा. ही आजी. मागे बसलेला लांब कानांचा तो मामा, आणि नाक वर करून बसलेली ती मावशी असणार. चाळिशीला आल्यावर मला मामा-मावशी मिळाले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

आजीच्या शेजारच्या खुर्चीत मात्र कोणी नाही. तिथला काचेवरचा थर पात्याने खरवडून काढला आहे, म्हणून तिथे काळं छापलं जातं. कडेला एक वेणी तेवढी राहिली आहे. ती आईचीच.

रविवार, ९ नोव्हेंबर

हात शिवशिवत होते. मालक गावाला गेले आहेत, आणि माझ्या आईची जागा रिकामी बघून मला चैन पडेना.

काचेला वार्निशचा हात दिला, वाळल्यावर बारीक पेन्सिलीने चेहरा भरत गेले. नमुना कुठून आणणार? दुरुस्तीच्या मेजाला आरसा असतोच. आई आणि मी एका साच्यातल्या. माझाच डोळा घेतला, माझाच गाल, माझी हनुवटी. दिवस कसा गेला कळलं नाही. शेवटी प्रत काढली आणि स्वतःवरच खूश झाले. खरवडल्याचा मागमूस नाही. भरलं घर पूर्ण झालं.

घरी फोन केला. ठकूचा पुढचा दात पडला आहे, आणि बोलताना तिची शिट्टी वाजते. तिने शनिवारसाठी बॅगही भरून ठेवली आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आजीचे दोन्ही हात मांडीवर होते. मी शपथेवर सांगते, दोन्ही. आज प्रतीत एक हात माझ्या—म्हणजे आईच्या—खांद्यावर आहे. माझी नजर चुकली असेल म्हणून प्लेट काढून पाहिली. तिच्यातही तसाच. आणि माझं पेन्सिलकाम पुसून जात नाही. स्पिरिट लावलं, ब्लेडने टोकरलं. जसं काही ते पहिल्यापासून तिथेच होतं.

सकाळपासून डावा खांदा जड आहे. खुर्चीत बसलं की मानेला मागून काहीतरी गार टेकतं. उठलं की जातं. आज चहा उभ्यानेच प्यायले. मग लक्षात आलं, आईसारखा. तेव्हापासून नुसत्या येरझाऱ्या घालते आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मालक आले. प्रत बघताच त्यांनी ती पालथी घातली. रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

त्यांनी सांगितलं ते असं. ते घर दरवर्षी फोटोला यायचं. आजीचा हट्ट असायचा, एकही माणूस चौकटीबाहेर राहता कामा नये. त्या वर्षी धाकटीला, म्हणजे माझ्या आईला, शिकायला बाहेर जायचं होतं. आजीने सगळ्यांना बसवलं आणि म्हणाली, आता आपण असेच राहायचं. फोटोच्या वेळी आई रडत होती, हलली, धुरकट आली. दुसऱ्या दिवशी ती धावत स्टुडिओत आली. घरातले सगळे बसलेत, उठतच नाहीत, असं सांगत होती. मालक तेव्हा तरणे होते. तिच्यासोबत गेले तर खुर्च्या होत्या, माणसं नव्हती. मग तिने पातं मागितलं आणि काचेवरची स्वतःची जागा खरवडून काढली. जाताना म्हणाली, ही जागा कोणी भरू नका. आठवण म्हणून तिने एक प्रत मागून घेतली, एवढंच.

त्यांनी मला हे आधी का नाही सांगितलं? विचारलं तर म्हणाले, सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता का? नसता ठेवला.

एवढंच म्हणाले, चालत राहा. जो हलतो तो तुमच्या आजीला नीट धरता येत नाही.

म्हणून आई बसत नव्हती. आणि मी हसायचे तिला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

उभ्याने लिहिते आहे. पाय सुजले आहेत. स्टेशनवर गेले होते, गाडीला वेळ होता, क्षणभर बाकावर टेकले. आकडा मानेत बसला. समोरच्या शिंप्याची बायकोही गाडीसाठी आली होती, ती हाक मारत होती, मला मान वळवता येईना. तिने दंड धरून ओढलं तेव्हा सुटले. गाडीत बसून कशी जाणार? बसूनच जावं लागतं ना—

संध्याकाळी प्लेट पाहिली. माझ्या मांडीवर काहीतरी आहे. पांढुरकं. मी काढलेलं नाही. मी तिथे पेन्सिल लावलेली नाही!

उजेडाला धरलं. फ्रॉक. दोन बूट. हसरं तोंड, आणि पुढचा दात नाही.

ठकूच्या बाबाला फोन केला. येऊ नका म्हटलं, ओरडले, रडले. त्याला वाटलं मी आजारी आहे. म्हणाला, मग तर यायलाच हवं.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळ

फोन लागत नाही. गाडीत असतील.

प्लेट फोडावी? ठकू आत आहे. हात धजेना.

तिचा चेहरा कालपेक्षा स्पष्ट. आजीचा दुसरा हात तिच्या डोक्यावर—

मालक म्हणतात त्यांचा हात थरथरतो, पातं धरवत नाही. आईने जे केलं तेच करायचं. माझी जागा पेन्सिलीची, ती निघत नाही. ठकूची अजून ओली आहे, निघेल. पण ते काम उभ्याने होत नाही. येरझाऱ्या घालत होत नाही. मेजाशी बसावं लागतं. स्थिर.

शनिवार, दुपार

बसले आहे.

आकडा लागला. गार. मान वळत नाही. नको वळू दे, मला समोरच बघायचं आहे.

चेहरा निघाला. हात निघाले. थर नखासारखा निघतो आहे. फ्रॉकही गेला. डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर समजून घे.

पाय गार पडले. खांद्यावर आता पुष्कळ हात.

एक बूट राहिला—

बाहेर रिक्षा थांबली. हाक मारते आहे. शिट्टी वाजते तिची. मालक दार लावून उभे आहेत.

बूट निघाला. निघाला!

ठकूच्या बाबा, ही वही तुझ्या हाती पडेल. ठकूला आत आणू नकोस. तिला माझा फोटो दाखवू नकोस, तिचा काढू नकोस. ती घर डोक्यावर घेईल, घेऊ दे. जेवताना उठेल, उठू दे. तिला कधी एका जागी बस म्हणू नकोस. तिला नाचू