ब्रेक मऊ लागतोय

आबा,

आज सकाळी माझी गाडी चालूच होईना. आताच्या गाड्यांना क्लच पुरता दाबल्याशिवाय स्टार्टर फिरत नाही, आणि क्लच दाबलाय हे गाडीला कळवायला पेडलपाशी एक बोटभर स्विच असतो. तुमचा नातू, माझा मुलगा, म्हणाला, "आई, तू नीट दाबत नसशील." मी चिडले. चांगला जोर लावून दाबत होते की! मग मेकॅनिक आला, पेडलखाली डोकं घातलं, त्या स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडल्या, आणि गाडी लगेच सुरू झाली. "स्विचच गेलाय, काकू." नवा स्विच बसवून तो गेल्यावर मुलगा हसून म्हणाला, "आजोबा म्हणायचे तेच खरं. आईच्या पायाला कळतं." त्यानं तुम्हाला पाहिलंसुद्धा नाही, पण हे वाक्य त्याला पाठ. चहा निम्मा तसाच टाकून लिहायला बसले.

जोतिबाचा तो दिवस. मी नुकतंच लायसन काढलेलं. आपल्या मंगळवार पेठेत पोरीनं गाडी चालवायची म्हणजे खिडकीखिडकीतून मुंडकी बाहेर, पण तुम्हाला त्याचं काय! टॅक्सी तुमची, लेक तुमची. दर्शन झालं, आत्यानं पुढच्या चाकावर नारळ फोडला. आई, आत्या आणि तिचे कोडोलीचे यजमान मागं बसले, आणि तुम्ही किल्ली माझ्या हातात देऊन म्हणालात, "घाट तू उतरव." मी स्टिअरिंगमागं बसले, समोर घाटाचं पहिलं वळण दिसत होतं. आत्या तर ओरडलीच, "आरं, याड लागलंय का तुला? पोरीच्या हातात सगळ्यांचा जीव देतूस व्हय?" तुम्ही म्हणालात, "गप बस गं. चालवंल की ती." मी ब्रेकवर पाय ठेवला आणि म्हणाले, "आबा, ब्रेक मऊ लागतोय."

तुम्ही दारातून वाकून हातानंच पेडल दाबून बघता. "बरा हाय की." मागून आत्या, "भ्याली पोरगी! म्हटलं न्हवतं?" लाजेनं माझे कान तापलेत, पण मी हट्ट सोडत नाही. मग तुम्ही गाडीखाली डोकावता. जमिनीवरच्या गुलालात ओला डाग. "नारळाचं पाणी हाय ते, पावणं," आत्याचे यजमान म्हणतात, "चला आता, ऊन व्हाय लागलं." तुम्ही जागचे हलत नाही. "नारळ फोडला म्होरल्या चाकावर. पाणी हितं मधी कसं आलं?" आणि देवाला म्हणून घातलेल्या पांढऱ्याधोट कपड्यांनिशी तुम्ही सरळ गुलालात आडवे होता. "दाब. दाबून धर." मी धरते, आणि आई गं, पेडल माझ्या पायाखालून हळूहळू खाली जायला लागतं. तुम्ही ओलं बोट हुंगता. "ब्रेक ऑइल!" आईला मागं उभं करून विचारता, लाल दिवा लागतोय का. "न्हाय की लागत." ब्रेक दाबला की मागचा दिवा लावणारा स्विच तेलाच्या नळीवर बसवलेला असायचा, तोच फुटून तेल गळत होतं. अजून चार वळणं गेलो असतो तर ब्रेक उरलाच नसता. आत्या मटकन खाली बसली.

एसटीच्या ड्रायव्हरकडं तुम्ही निरोप दिलात, दुपारी मिस्त्री नवा स्विच घेऊन वर आला. तो बसवला, तेल भरलं, मग नळ्यांतली हवा काढायची म्हणून चाकापाशी बसून तो "दाब, सोड" म्हणत राहिला आणि मी पोटऱ्या दुखेपर्यंत दाबत राहिले. पेडल घट्ट झालं, मागचा दिवा लागला. मला वाटलं, सुटले एकदाची. कसली सुटते! "आता तूच चालव," तुम्ही म्हणालात. "आमाला कुणाला कळलं न्हाय, तुझ्या पायाला कळलं." सकाळी बोंबलणारी आत्या आता विश्वासानं पुढं माझ्या शेजारी येऊन बसली. घाट मी कसा उतरवला, ते त्या जोतिबालाच ठाऊक.

तुम्ही ही गोष्ट अख्ख्या टॅक्सी स्टँडला सांगितलीत. तिथवर ठीक होतं. पण पुढं लांबचं भाडं आलं की तुम्ही दारातून हाक मारायचा, "बाळ, जरा पाय लावून जा." मी येऊन ब्रेक दाबायचे, दाबून धरायचे, डोळे मिटायचे. "बरा आहे, आबा." एवढ्यावर तुम्ही निघायचा, माणसं भरून. आणि तुमचा हॉर्न गल्लीत परत वाजेपर्यंत मी जेवायला बसायचे नाही. आई म्हणायची, बापावर किती जीव आहे पोरीचा. जीव होताच. पण ती धास्ती वेगळी होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. तुम्ही शेवटी घरात, अंथरुणावर गेलात, तेव्हा रडता रडता मला हायसं वाटलं. असं कुणी बापाच्या मरणात म्हणतं का?

नवा स्विच बसलाय, गाडी दारात उभी आहे, मुलगा संध्याकाळी तीच घेऊन जाणार आहे. जाण्याआधी मला हाक मारील, पाय लावायला. हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. आबा, त्या दिवशी ब्रेक मऊ लागला नव्हता. घाट बघून मी भ्याले होते आणि मला त्या सीटवरून उठायचं होतं.