कोणाचेही कुलूप

आदरणीय व्याहीबुवा यांस,

कमरेतून जमेल तेवढा वाकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण मागे घातला तेव्हा मला उठवायला दोन माणसं लागली होती. त्यातले एक तुम्हीच होतात.) पत्राला फार उशीर झाला, आधी त्याची क्षमा मागतो. तुमचं पत्र येऊन एक महिना आणि चार दिवस झाले. रोज लिहायला बसायचो, आणि ‘इकडे सर्व क्षेम आहे’ या वाक्यापाशी पेन अडायचं. क्षेम नव्हतं ना! तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला गेला का? मी फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन विहीणबाई उचलतात, आणि त्यांच्या कानात पडलेली गोष्ट पाव तासात आमच्या लेकीच्या, म्हणजे तुमच्या सूनबाईंच्या, कानातून बाहेर निघते. (ही तक्रार नव्हे, कौतुक आहे. टपालाला हा वेग जमलेला नाही.) म्हणून हे पत्र. पाकीट डिंकाने दोनदा चिकटवणार आहे. एकटे असताना उघडा.

तुम्ही विचारलंत की जावईबापू तुमच्या रफूच्या दुकानाचीही वेबसाईट काढून देतो म्हणतात, तर वेबसाईटने गिऱ्हाईक येतं का, तुमचा अनुभव कळवा. कळवतो. पण आधी एक सांगून ठेवतो की जावईबापूंबद्दल माझी काडीची तक्रार नाही. असा जावई दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. आम्ही तर शोधलाही नव्हता, लेकीनेच आणून दाखवला. तेव्हा पुढे जे लिहितो ते तक्रार म्हणून वाचू नये. तक्रारीसारखं वाटलं तर चष्मा पुसून पुन्हा वाचावं.

माझं दुकान तुम्ही पाहिलं आहे. मी, किल्ल्या कापायचं मशीन आणि एक गिऱ्हाईक, एवढ्यात ते भरतं. दुसरं गिऱ्हाईक आलं तर पहिल्याला श्वास सोडून उभं राहावं लागतं. पण मागच्या भिंतीवर तुमचं लक्ष गेलं होतं का? तिथे सेहेचाळीस खिळे आहेत, आणि दर खिळ्याला कोणा ना कोणाच्या घराची जादा किल्ली. कोणी हरवली, विसरली, दार ओढलं गेलं, की माझ्याकडे यायचं. मी याचा पैसा घेत नाही. एक्केचाळीस वर्षांत त्यातली एकही किल्ली मी मालकाशिवाय खिळ्यावरून काढली नव्हती. लोक माझ्याकडे कुलूप का दुरुस्त करून घेतात? माझा हात चांगला म्हणून नव्हे, माझी भिंत भरलेली म्हणून. नवीन माणूस दारात उभा राहतो, भिंत बघतो आणि गप्प आत येतो. हीच माझी जाहिरात होती.

तर दोन महिन्यांपूर्वी जावईबापू म्हणाले, बाबा, आजकाल कुलूप अडकलं तर माणूस रस्त्यावर येत नाही, मोबाईलमध्ये शोधतो. मी म्हटलं, ज्याचं कुलूप अडकलं तो रस्त्यावरच असतो, अजून कुठे येणार? ते हसले. त्यांचं हसणं गोड आहे, तुमच्यावर गेलं आहे, त्यापुढे माझं काही चालत नाही. एका रविवारात त्यांनी वेबसाईट उभी केली आणि मी दुकानात असताना घरी फोन करून आमच्या मंडळींना सांगितलं की बाबांचं संकेतस्थळ आजपासून सुरू झालं. आता आमच्या मंडळींनी लग्नाआधी कादंबऱ्या वाचलेल्या. कादंबरीत संकेतस्थळ म्हणजे नदीकाठचं झाड, आणि त्याखाली कोणीतरी कोणाची तरी वाट बघत उभं. दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना फक्त एवढंच विचारलं, "कोण आहे?" मी म्हटलं, कोण म्हणजे? म्हणाली, "अडुसष्टाव्या वर्षी दमा सांभाळून जमतं तरी कसं तुम्हाला!" ते निस्तरायला लेकीला यावं लागलं.

वेबसाईट दिसायला छान होती. वर माझा फोटो, ओळखपत्रावरचा, ज्यात मीच कुठून तरी चोरून आणल्यासारखा दिसतो. आणि त्याखाली ठळक अक्षरांत एक ओळ: ‘कोणाचेही कुलूप, कधीही, बिनबोभाट उघडून मिळेल.’

व्याहीबुवा, पुन्हा वाचा. मीही दहा दिवस वाचून खूश होत होतो. तिथे ‘कोणतेही’ हवं होतं. एक काना जादा पडला, त-चा च झाला, आणि एक्केचाळीस वर्षांचा इमानदार माणूस घरफोड्या झाला. (लिहिताना कोणाचा तरी हात चुकतो. कोणाचा, ते मी म्हणत नाही. जावईबापू दिवसभर दमलेले असतात.)

तेव्हा गिऱ्हाईक येतं का? येतं. धो धो येतं. पहिला आला तो इस्त्रीचा शर्ट घातलेला सभ्य गृहस्थ. शेजाऱ्याची टपालपेटी उघडायची होती, कारण शेजारी त्याचं मासिक वाचून मग ठेवतो असा संशय. दुसऱ्या दिवशी सकाळी एक सून आली, सासूचं कपाट उघडून द्या, आणि त्यांना कळू देऊ नका. दुपारी एक सासू आली, सुनेचं कपाट उघडून द्या, तिला कळू देऊ नका. पत्ता विचारला तर एकच. मी दोघींनाही सांगितलं की उद्या चारला या, आणि दोघी आल्या, आणि दुकान केवढं आहे ते तुम्हाला माहीतच आहे. दोघींना श्वास सोडून उभं राहावं लागलं. शेवटी दोघी मिळून मलाच बोलल्या, आणि एकमेकींचा हात धरून गेल्या. (एक घर जोडलं, हे पुण्य वेबसाईटच्या नावावर मांडायला माझी हरकत नाही.)

मग एक दिवस दारात हवालदार. माझ्या हातातली कानस खाली पडली. त्यांनी मोबाईल काढून ती ओळ मला दाखवली, मोठ्याने वाचली आणि विचारलं, हे तुमचंच का? मी मान हलवली. त्यांनी मागेपुढे बघितलं, टोपी काढली आणि हळूच म्हणाले की साहेबांच्या टेबलाचा खालचा खण आहे. त्यात माझा रजेचा अर्ज तीन आठवडे पडला आहे, तेवढा वरच्या खणात आणून ठेवायचा. मी हात जोडले, म्हटलं असलं काम मी करत नाही. तर हवालदार खवळले. "मग लिहिता कशाला? लोकांना खोटं सांगून बोलवायचं, ही फसवणूक झाली काका! गुन्हा आहे हा!" म्हणजे बघा, कुलूप उघडलं तर चोरी आणि नाही उघडलं तर फसवणूक.

खरं गिऱ्हाईक एकच आलं. एक बाई, स्वतःच्याच घराबाहेर अडकलेली. पण तोवर मी पोळलेलो. घर तुमचंच कशावरून? दारामागे काय टांगलं आहे? नळ डावीकडे की उजवीकडे? तिच्या दारात उभं राहून माझी ही चौकशी चालू असतानाच तिचे यजमान कामावरून आले आणि त्यांनी आपल्या किल्लीने दार उघडलं. बाईंनी आत जाताना मला दोन्ही नळ दाखवले.

इथवर हसण्यासारखं आहे. हसा. पुढचं हसण्यासारखं नाही. आमच्या गल्लीत एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई आहेत. त्यांची किल्ली बावीस वर्षं माझ्या भिंतीवर, पहिल्या ओळीत. एका सकाळी त्या आल्या आणि म्हणाल्या, माझी किल्ली द्या. मी म्हटलं, बाई, ती शुद्धलेखनाची चूक आहे हो. त्या म्हणाल्या, "शुद्धलेखन अगदी बरोबर आहे, म्हणून तर नेते." मग म्हणाल्या की तो काना काढा, च-चा त करा, मी स्वतः आणून टांगते. बाईंनी नेली म्हटल्यावर चष्मेवाल्याने नेली, वरच्या मजल्यावरच्या तिघांनी नेल्या, शेजारच्या इस्त्रीवाल्याने तर मी जेवायला गेलो असताना नेली, समोर मागायला त्याला लाज वाटली म्हणून. आज खिळे सेहेचाळीस आहेत आणि किल्ल्या एकोणीस. दुकान उघडलं की आधी भिंत मोजतो. रिकामा खिळा फार मोठा दिसतो, व्याहीबुवा. नवीन माणूस आता भिंतीकडे बघतो आणि मला विचारतो, नुकतंच दुकान टाकलंत का?

तुम्ही म्हणाल, मग जावईबापूंना सांगा, ते दोन मिनिटांत बदलतील. ते रोज संध्याकाळी हौसेने फोन करतात, बाबा, आज किती आले? मी सांगतो, चार आले, पाच आले. खोटं नाही, येतातच. त्यावर ते इतके खूश होतात की पुढचं सांगायला जीभ उचलत नाही. जावयाची चूक सासऱ्याने काढावी, अशी आपल्याकडे पद्धत आहे का? तुम्हीच सांगा.

एक मार्ग होता. लेक बोलता बोलता म्हणाली की जावईबापू सगळे पासवर्ड एका निळ्या वहीत लिहून ठेवतात, वही टेबलाच्या खणात. आणि त्यांच्या घराची जादा किल्ली माझ्या भिंतीवर, खालच्या ओळीत तिसरी. गेल्या मंगळवारी दुपारी, दोघंही कामावर असताना, मी ती खिळ्यावरून काढली. गेलो. जिना चढलो. किल्ली कुलपात घातली. स्वतः कापलेली किल्ली, लोण्यासारखी गेली. पण फिरवली नाही. एक्केचाळीस वर्षं जे केलं नाही ते करायला मला एक वेबसाईट पुरली, असं मनात आलं आणि किल्ली बाहेर काढली. परत येताना जिन्यात नेमका इस्त्रीवाला भेटला, कपड्यांचं गाठोडं घेऊन. माझ्या हातातली किल्ली बघून म्हणाला, "काय काका, कोणाचं?"

तेव्हा वेबसाईटबद्दल माझं मत असं झालं आहे. तुम्ही काढा, जरूर काढा, मुलाच्या मनाला बरं वाटेल. फक्त मजकूर विहीणबाईंकडून तपासून घ्या. नाहीतर ‘कोणाचीही लाज, कधीही, बिनबोभाट झाकून मिळेल’ असं काहीतरी छापलं जाईल, आणि मग रफूला कोणी येणार नाही, बाकी सगळं गाव येईल.

घरातील लहानथोरांस आशीर्वाद आणि नमस्कार. गुडघ्याला जपा.

आपला,
कुलूपवाला व्याही

ता. क. – मूळ काम लिहायचं राहिलंच. पासवर्ड माहीत नसला तरी वेबसाईटला एक मागचं दार आहे. ते विचारतं, पासवर्ड विसरलात का? (मला कधी माहीतच नव्हता तर मी विसरेन कसा? पण हो म्हटलं.) मग ते विचारतं, तुमचं लहानपणीचं टोपणनाव काय? तीन वेळा सांगता येतं. मी एकदा ‘बाळ’ लिहिलं, एकदा ‘सोन्या’. दोन्ही चुकली. आता एकच खेप उरली आहे. तुम्ही जावईबापूंना लहानपणी काय म्हणून हाक मारत होतात? लेकीला विचारलं तर म्हणाली, ते मलाही सांगत नाहीत. म्हणजे नाव तसंच असणार. तुम्ही निःसंकोच लिहा.

आणखी एक – लग्नाच्या दिवशी तुमच्या बॅगेचं कुलूप अडकलं होतं आणि मी ते विहीणबाईंच्या केसांच्या आकड्याने उघडून दिलं होतं, आठवतं? आत कपड्यांच्या खाली काय होतं ते मी तेव्हाच विसरलो, आणि विसरलेलाच राहणार आहे. टोपणनावाचा आणि याचा काही संबंध नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

डिंक लावण्याआधी – मंडळींनी पत्र वाचलं. आत गेली आणि जुन्या कॅलेंडरचं एक पान आणून माझ्यासमोर ठेवलं. मागे वेबसाईटचा मजकूर, मी जावईबापूंना लिहून दिलेला. अक्षर माझं. काना माझा. च-ही माझाच. आणि आता आठवतं, त्यांनी विचारलंही होतं की बाबा, ‘कोणतेही’ हवं का? मी म्हणालो होतो की मला मराठी शिकवू नका. वर मंडळी म्हणाली, "त्यांच्या घरात किल्लीने शिरायला लाजलात, आणि आता टोपणनावाने शिरणार? मालकाला न कळता? बिनबोभाट?" एक्केचाळीस वर्षांत ती वेबसाईटची ओळ खरी करायला मी एकदाच निघालो, तोही घरच्याच कुलपावर.

तेव्हा वरच्या दोन्ही गोष्टी रद्द समजा. रविवारी जावईबापू जेवायला येत आहेत. कॅलेंडरचं पान ताटाशेजारी ठेवून मीच सांगणार आहे. सोमवारी बाईंची किल्ली खिळ्यावर आली पाहिजे. फक्त रविवारच्या आत तुमची दोन ओळींची चिठ्ठी त्यांना पोहोचू द्या, की म्हाताऱ्याला सांभाळून घे. फाटलं आहे ते माझ्याच हातून, पण रफू तुमच्यासारखं कोणाला जमतं? टाका दिसू नये एवढंच बघा.

आणि टोपणनाव तरीही कळवा. वापरणार नाही, शपथ. पण जावईबापू फारच हसायला लागले तर हाताशी काहीतरी असावं. उलट टपाली उत्तर पाठवा, वाट बघतो.