दुधाच्या खोक्यातले मासे

प्रिय लव्हॉन वन्सं,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? गॉर्डनरावांच्या डोळ्यांचं कसं काय? ॲरिझोनातलं ऊन कमी झालं असेल अशी आशा करते. इकडे मेपलची पानं शेंड्याकडून लाल व्हायला लागली आहेत, छपराची पन्हळ पुन्हा गळते आहे आणि मी ठीक आहे. बातमी एकच आहे आणि ती वाईट आहे. ती एकदम सांगितली तर तुम्ही पत्र खाली ठेवून फोन उचलाल, आणि फोनवर मला धड बोलता येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून क्रमाने लिहिते. बातमी तळघरातल्या फ्रीझरमधल्या त्या दुधाच्या खोक्याची आहे. (खुर्चीत बसून घ्या. गुडघा दुमडू नका.)

तो खोका तुम्ही विसरला नसालच. तुमच्या भावाने, हारलनने, त्याच्या शेवटच्या शरदात तळ्यावरून आणलेले वॉलाय मासे, काटे काढून, दुधाच्या रिकाम्या खोक्यात घालून, वरून पाणी ओतून गोठवलेले. आपल्याकडे सगळे तसेच ठेवतात. त्याच्या अंत्यविधीनंतर तुम्ही आणि मी त्या फ्रीझरपाशी उभ्या होतो आणि ठरवलं होतं की हा खोका आपण दोघींनीच खायचा, तुम्ही पुन्हा याल तेव्हा. मग तुमच्या गुडघ्याचं दुखणं निघालं, मग गॉर्डनरावांचे डोळे, मग उन्हाळा. मी खाली जायची, झाकण उचलायची, खोका आहे हे बघायची आणि मटार घेऊन वर यायची. खोका आहे म्हणजे तुम्ही कधीतरी येणार, असा माझा साधा हिशेब होता.

खोका आता नाही. आता कसं झालं ते वाचा.

गेल्या वर्षभरात मला जेवताना समोर पुस्तक ठेवायची सवय लागली. समोर काहीतरी हवं म्हणून. तर वाचनालयातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आर्डिस, तुझं वाचन वाढलंय याचा आनंद आहे, पण प्रत्येक पुस्तकात टोमॅटोचं सूप सापडतंय. तू समोर माणसं का बसवत नाहीस?" त्याच बाई देशोदेशीच्या पाहुण्यांना घरी उतरवून घेणारं मंडळ चालवतात, हे मला तेव्हा कळलं. आपण परक्यांच्या घरी राहायचं, परक्यांनी आपल्याकडे, आणि मग लढाया कमी होतात असं त्यांचं म्हणणं. लढायांचं मला ठाऊक नाही, पण तुमच्या खोलीतला पलंग रिकामाच होता. (चादरी धुतल्या आहेत.)

माझ्या वाट्याला जॉर्जियाचं जोडपं आलं. डोंगरांतला तो जुना देश, आपल्या दक्षिणेचं पीचच्या बागांचं राज्य नव्हे. (शेजारच्या ड्वेनने पीचची पेटी येईल म्हणून आधीच जागा करून ठेवली होती. त्याला अजून वाईट वाटतंय.) मी वाचनालयातलं त्या देशाबद्दलचं सगळं वाचून काढलं. त्यांच्या लिपीला कोपरे नाहीत, त्यांच्या देशात आठशे वर्षांपूर्वी एक राणी राज्य करायची, द्राक्षाची दारू मातीच्या रांजणात घालून जमिनीत पुरतात, सगळं पाठ. एतेरी आणि तेंगिझ दारात उभे राहिले तेव्हा मी तेंगिझला त्या राणीबद्दलच विचारलं. तो इतका खूश झाला की कोट न काढता बोलायला लागला. तो त्याच्या भाषेत बोलतो आणि एतेरी, जी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, ती थोडक्यात सांगते. तो पुष्कळ वेळ बोलला. एतेरी म्हणाली, "राणी चांगली होती."

त्यांना मात्र राणीपेक्षा आपल्यात रस होता. रस्त्यावर माणूस का दिसत नाही? घराला कुंपण नाही, मग तुझं कुठे संपतं आणि ड्वेनचं कुठे सुरू होतं? ड्वेन निघतो म्हणाला आणि मग इतका वेळ दारात का उभा आहे, त्याला जायचं नाही का? बेसिनच्या नळीत खरकटं दळायचं जे यंत्र आहे ते तेंगिझला इतकं आवडलं की त्याने त्याला गाजरं भरवली, चांगली गाजरं. परसातली हारलनची मासेमारीची खोपटी, जी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर ओढून नेतात, ती बघून आला आणि भिंतीशी जमिनीत गोल भोक, त्याला लागून बाक, हे पाहून त्याने आपला एक समज करून घेतला. तो पट्टा सोडायच्या आत मी पोचले, एवढंच लिहिते. मग भोकातून गळ सोडतात हे सांगितल्यावर तो त्या बाकावर बराच वेळ बसून राहिला आणि बाहेर येऊन एतेरीमार्फत म्हणाला, की तुझा नवरा विचारी माणूस असणार.

मी म्हटलं, "बरं चाललंय." तुम्हाला ठाऊकच आहे, कुणी हारलनबद्दल विचारलं की मी "बरं चाललंय" म्हणते. त्याच्याबद्दल विचारतात आणि मी माझं सांगते.

आता चूक कुठे झाली ते. मंडळाने सांगितलं होतं की पहिल्याच दिवशी पाहुण्यांना म्हणायचं, घर आपलंच समजा, हवं ते घ्या. मी म्हटलं. वन्सं, आपण हे जन्मभर म्हणत आलो. ड्वेनलाही मी चाळीस वर्षं म्हणते आहे, आणि तो अजून नळाचं पाणी घ्यायच्या आधी विचारतो. कुणी खरंच घ्यावं म्हणून आपण ते म्हणतच नाही. आणि कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा, तू म्हणतेसच तर, म्हणून घ्यायचं, हेही आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. एतेरीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने मला "कॉफी घेतेस?" विचारलं, मी नको म्हटलं, तर तिने किटली उचलून ठेवून दिली. त्या दिवशी मी कॉफीशिवाय राहिले.

गुरुवारी मला चर्चच्या तळघरात एका अंत्यविधीच्या जेवणाला सँडविचं लावायला जायचं होतं. परत आले तर घरभर लसूण, कोथिंबीर आणि अक्रोडाचा वास. एतेरीने माझ्यासाठी मेजवानी मांडली होती. अक्रोड ती घरून घेऊन आली होती, दारू तेंगिझने पाण्याच्या बाटल्यांतून आणली होती, ड्वेनला कुंपण नसलेल्या हद्दीवरून हाक मारून बोलावून घेतलं होतं आणि मधोमध ताटात, दाट करड्या रश्शात, मासे. मी बेसिनकडे बघितलं. दुधाचा खोका स्वच्छ धुवून पालथा घातला होता. चांगला खोका फेकायचा कशाला, असं तिला वाटलं असणार. त्यावर हारलनच्या अक्षरात "वॉलाय" आणि साल.

अशा वेळी बाईने काय करावं? मी कोट काढला, खुर्चीत बसले, एक घास घेतला आणि म्हटलं, "वेगळंच आहे हं."

ड्वेननेही खोका पाहिला होता. त्याने घास घेतला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "वेगळंच आहे."

एतेरी आनंदली. तिला वाटलं आम्ही तारीफ करतोय.

मग तेंगिझ पेला घेऊन उभा राहिला. त्यांच्याकडे पेला उचलायचा तर आधी बोलावं लागतं, आणि बोलणं जेवणापेक्षा लांब असतं. एक पेला शांततेसाठी, एक आईबापांसाठी, एक या घरासाठी. मग तो गंभीर झाला आणि एतेरी म्हणाली, "आता गेलेल्यांसाठी. पण आधी तो विचारतोय, हा इतका चांगला मासा पकडला कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत ड्वेन बोलून गेला, "हारलनचा आहे. शेवटचा."

एतेरीने चमचा खाली ठेवला. तिचा चेहरा उतरला. "तू म्हणालीस घर आपलंच," ती म्हणाली.

"म्हणाले खरी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती रडायला लागली, मी तिला नॅपकिन देत होते आणि तेंगिझ उभाच. त्याने पावाच्या तुकड्यावर थोडी दारू ओतली आणि मला म्हणाला (एतेरी नाक पुसत सांगत होती), की गेलेल्या माणसाबद्दल बोलल्याशिवाय हा पेला पिता येत नाही. तू बोल. मी म्हटलं, बरं चाललंय. तो उभाच राहिला. वन्सं, तो माणूस सकाळपर्यंत उभा राहिला असता. म्हणून मी बोलले. हारलन मासे साफ करताना शिट्टी वाजवायचा हे सांगितलं. नकाशा घडी करता यायचा नाही हे सांगितलं. माझं पुस्तक उचलून शेवटचं पान वाचायचा आणि मला सांगून टाकायचा, हेही सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबेना.

तेवढ्यात ड्वेन खाकरला. "आर्डिस," तो म्हणाला, "हे मासे त्याचे नव्हेत. माझे आहेत. त्या दिवशी त्याचे हात थरथरत होते, गळाची काठी धरवत नव्हती. घरी रिकामा गेलो तर आर्डिसला कळेल म्हणाला. मी माझे दिले. शपथ घातली होती गं त्याने."

मला काय वाटायला हवं होतं कोण जाणे. मला एकच जाणून घ्यायचं होतं. मी विचारलं, "मग तो दिवसभर नावेत करत काय होता?"

"बसला होता. माझं सँडविच खाल्लं. आणि मी गळ कसा चुकीचा टाकतोय ते सांगत होता."

एतेरीने हे तेंगिझला सांगितलं आणि तो इतका मोठ्याने हसला की ड्वेनही हसायला लागला, आणि मग मीही. कारण तो हारलनच होता, दुसरा कुणी असूच शकत नाही. मग आम्ही पेले रिकामे केले. ताटात एक तुकडा उरला. शेवटचा तुकडा अख्खा घ्यायचा नाही या आपल्या रीतीप्रमाणे ड्वेनने त्यातला अर्धा घेतला, उरलेल्यातला अर्धा मी, आणि एतेरीने विचारलं की हा धर्माचा भाग आहे का. मग तिनेच उरलेलं माझ्या ताटात वाढलं. मी एकदाही नको म्हटलं नाही.

तर वन्सं, ही बातमी. तुमच्या वाटणीचं आम्ही खाल्लं. रागावायचं तर रागवा, तुमचा हक्क आहे. मासा मात्र चांगला झाला होता.

गॉर्डनरावांना नमस्कार.

तुमची,
आर्डिस

ता. क. पाहुणे शनिवारी गेले. निरोप घेताना तेही आता आपल्यासारखेच दारात उभे राहतात. विमान जेमतेम मिळालं. वसंतात मला त्यांच्याकडे बोलावलंय आणि मी पहिल्या झटक्यात हो म्हटलं. एतेरी दचकली.

ता. क. पन्हळ गळते असं वर लिहिलंय. तेंगिझने ती दुरुस्त केली होती, म्हणजे आता दोन ठिकाणी गळते.

ता. क. आज मटार काढायला खाली गेले होते. मटारांच्या मागे, भिंतीला चिकटून, दुधाचा आणखी एक खोका आहे. अक्षर हारलनचंच, साल तेच. मासे कुणाचे ते मी ड्वेनला विचारलेलं नाही आणि तुम्हीही विचारू नका. तेव्हा या. गुडघ्यासाठी खालच्या खोलीत पलंग लावते. पण लवकर या, कारण ऑक्टोबरच्या शेवटी नॉर्वेची माणसं येणार आहेत, आणि त्यांनाही मी दारातच सांगणार आहे की घर आपलंच समजा.