न सोडलेली भाकरी

परळ, रविवार संध्याकाळ, १९५७

डॉक्टर म्हणाले, मिलच्या खोकल्याला मोकळी हवाच औषध. म्हणून आज बाबांना भाड्याच्या सायकलवर डबलसीट घेऊन चेंबूरच्या पुढे गेलो. आईने फडक्यात भाकरी बांधून दिली होती. पण कारखाने संपतील तेव्हा ना! धुराने डोळे चुरचुरत होते, फडकं सोडायचं तरी कुठे? भिंतीवरचं 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'सुद्धा काजळलेलं.

मी सायकल वळवणार, तोच बाबा एका कारखान्याच्या गेटपाशी उतरले. "थांब झिला, तुझ्यासाठी भरती आसा काय इचारून येतंय." नाकाला धोतराचा सोगा लावून विचारत होते, आणि मी नुसता हँडल धरून उभा. का नाही थांबवलं त्यांना?

घरी आईने भाकरीचं फडकं तसंच बांधलेलं बघितलं. "हवा बरी होती ना?"

माझ्याआधी बाबाच म्हणाले, "बरी आसा. उद्या झिलाचो अर्ज देवचो आसा."