तपकिरी की लाल

७ डिसें., रवि.
सलीम आलाच नाही. दुर्बीण गळ्यात घालून फाटकाशी उभा होतो. फोन केला तर म्हणे तलावावरच आहो, बँकेतल्या जोशी साहेबाले घेऊन आलो, तू ये तुह्या गाडीनं. आठ वर्षं झाली, रविवारी त्याच्या गाडीवर मागं मी बसतो. गेलो नाही. बायकोले सांगितलं डोकं दुखते.

८ डिसें.
शाळा सुटल्यावर लोहारा गावात सलीमच्या गॅरेजात गेलतो. ब्रेकचं निमित्त. त्यानं जोशीनं काढलेला फोटो दाखवला. बेशरमच्या झुडपाखाली फटाकडी, आपल्या पाणकोंबडीच्याच कुळातली, पण लहान. जोशी म्हणते तपकिरी फटाकडी, या तलावावर पहिल्यांदाच. मी म्हटलं लाल फटाकडी आहे, दरवर्षी पाहतो तीच.
पाठ दोघींची तपकिरी, पाय दोघींचे लालसर. लालचं तोंड अन् छाती विटकरी, शेपटीखाली बारीक पांढऱ्या रेषा. तपकिरीचं तोंड राखाडी, रेषा नाहीत. फोटोत तोंडावर ऊन, शेपूट गवतात. काय कळणार.
सलीम म्हणाला, "साहेबानं लय वेळ पाह्यली बे."
म्हणजे माह्यापेक्षा त्याचा डोळा खरा.

११ डिसें.
बसस्टँडजवळ जोशी भेटला. चहा पाजला. म्हणे, सर, मला तुमच्याकडून शिकायचंय, सलीमभाई सारखं तुमचंच नाव घेतात. मानूस चांगला आहे. काही खोट सापडते काय पाहत होतो, नाही सापडली. घरी येईपर्यंत आणखीच चीड आली.

१४ डिसें., रवि.
त्यांच्या आधी एकटाच गेलो. धुकं होतं. बेशरमजवळ बसलो. उन्ह आलं तशी ती निघाली. माह्याकडे पाठ करून चिखलात टोचत होती. शेपूट उडवे तेव्हा खालचं सगळं दिसे. रेषा नाही. एकही नाही. मंग वळली. तोंड राखाडी.
जन्मात पहिल्यांदा तपकिरी फटाकडी पाहिली अन् आनंद म्हणून झाला नाही.
मागं गाडीचा आवाज. ती झुडपात शिरली. जोशी कॅमेरा काढत राह्यला, सलीम येऊन माह्या बाजूले उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "दिसली काय?"
"दिसली."
"मंग? कोनती?"
म्हटलं, "पाठच दिसली."
त्यानं माह्याकडे पाहिलं. मंग म्हणाला, "थांबू मंग. येईन ती बाहेर."
तिघंही झुडपाकडे पाहत बसलो, मधात सलीम. जोशी श्वाससुद्धा दाबून घेत होता. गवत एकदा हललं. येऊ नये, येऊ नये, असं मी मनात म्हणत राह्यलो.