तळघरातलं पाणी

८ मार्च १९९८
ह्यांनी जाहीर केलं – टोकावड्यातल्या नव्या घराला तळघर होणार. तळघर नाही म्हणायचं, बेसमेंट! कल्याणच्या साहेबांच्या बंगल्याखाली आहे ना. गारवा, सोफा, टीव्ही. आमच्याकडे खाली ठेवायला दोन कणग्या आणि सासूबाईंचं जातं. तेही गार राहील म्हणा.

१५ मार्च
खड्डा सुरू. सोमादादा बघायला आले. आसपासच्या निम्म्या विहिरी त्यांच्या हातच्या. माती चुरून म्हणाले, "खाली झरा हाय. पाणी आपली जागा सोडत नाय." ह्यांनी त्यांना चहा पाजला, इंजिनीअरचा नकाशा दाखवला. नकाशात झरा नव्हता. मिटला प्रश्न.

३० मे
वास्तुशांत. पाहुणे जिना उतरून चारी भिंती बघत आणि परत वर येत. सोफा मुरबाडहून आणलाय.

२ जुलै
सोफ्याला पोहता येतं.

४ जुलै
पाणी उपसायला मोटार बसवली. पावसाळ्यापुरती, म्हणे इंजिनीअर.

१४ नोव्हेंबर
पाऊस जाऊन महिना झाला. मोटार चालूच. पाहुण्यांनी आवाजाचं विचारलं की हे म्हणतात, गिरणी आहे शेजारी.

९ जानेवारी १९९९
बांधापलीकडच्या हौसाबाई आल्या. त्यांची विहीर आटली. एरवी होळीपर्यंत हलत नाही. भांडल्या नाहीत, पायरीवर बसून राहिल्या. ह्यांनी समजावलं – इंजिनीअरच्या मते दोन्ही पाणी वेगळी. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमी उपसता ता आमच्या हिरीचा पानी हाय गो."
दहा महिने ह्यांना हसतेय मी. पण ते सकाळच्या एसटीने कामावर जातात. मोटारीचं बटण रोज मीच दाबते.

१० जानेवारी
म्हटलं, बंद करू. म्हणाले, भिंती खचतील. शिवाय लोक हसतील. म्हटलं, ते कधीच सुरू झालंय. हे ताटावरून उठले. आज मी बटण दाबलं नाही. संध्याकाळी आल्या आल्या त्यांनीच दाबलं.

१२ जानेवारी
हौसाबाई नदीवरून दोन हंडे आणताना दिसल्या. साठी उलटलीय त्यांची. मी दाराआड झाले.

१३ जानेवारी
सकाळी मोटारीचा आवाज नाही. वाटलं, वीज गेली. तर तळघरातला दिवा चालू. हे कामावर गेलेच नव्हते. जिन्यावर बसलेले, हातात मोटारीची कापलेली वायर. खालची पायरी बुडाली होती.
"चढू दे," म्हणाले.
मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. हसू आलं नाही.