वायर न बदललेला रविवार

प्रिय दादा,

आजवर संपादकांनी मागितलं की लिहिलं. हे पत्र कोणी मागितलेलं नाही. काल वहिनींकडे जाऊन आलो, तेव्हापासून सदराची एक ओळ सुचत नाही. म्हणून तुलाच लिहितोय.

तू गेलास, आता वहिनी जेलरोडचं घर सोडून मुलीकडे राहायला जाणार आहेत. तुझे स्पीकर सोबत नेतील, पण तुझ्या त्या दोन डॅकच्या डब्यांपैकी एक जावयाने मागितलाय. "भाऊजी, मी कुठला ठेवू? ह्यांचा तुमच्या कानांवर फार भरवसा होता," म्हणाल्या.

तुला आठवतात ना ते रविवार? एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या आवाजात नोकरी काढलीस, त्यात तुझ्या कानांना बारीक आवाज कळेनासे झाले. मोबाइलमधलं गाणं स्पीकरला समजेल असं करून देणारे ते दोन डबे तू माझ्या कानांनी पारखायचास. मला पाठमोरा बसवायचास, डब्यांवर पंचा टाकायचास, मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा करायचास. "जरा मोठा वाजला की माणूस त्यालाच चांगला म्हणतो, नंद्या." मग तबल्याचा तोच तुकडा, एकदा ह्यातून, मग वायर बदलून एकदा त्यातून.

आणि मी? मांडीवर मोबाइल, डोक्यात संध्याकाळी द्यायचा मजकूर. "दुसरा. जास्त मोकळा वाटतो." दर वेळी दुसराच, कारण तो संपला की निघता यायचं.

कालही तोंडातून तेच गेलं. "दुसरा ठेवा."

वहिनी पंच्याची घडी घालत होत्या. "दुसरा म्हणजे ह्यातला कुठला, भाऊजी?"

मी दोन्ही डबे उलटसुलट करून पाहिले.

"एका रविवारी ह्यांनी वायर बदललीच नव्हती," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा एकच डबा. तेव्हाही तुम्ही दुसराच म्हणालात."

"दादा काही बोलला?"

"तुम्ही गेल्यावर म्हणाले, दमलेला असतो बिचारा. त्याला चहा जरा कडक देत जा."

चहा कडक व्हायला लागला होता, दादा. मी वर साखर मागून घ्यायचो.

एकदा तरी झापायचं होतंस. पुढच्या रविवारी पुन्हा पंचा टाकलास, पुन्हा विचारलंस, "कुठला रे?" काय उत्तर येणार हे ठाऊक असून का विचारत राहिलास? हे वहिनींना विचारायचं धाडस झालं नाही. एवढंच म्हणालो, "वहिनी, मी ऐकलंच नव्हतं कधी."

"मग आता ऐका की. वायर मी बदलते. इतकी वर्षं बघतेय."

रविवारी जातोय. सदर शनिवारीच देऊन टाकेन, मोबाइल बाहेर चपलांपाशी ठेवेन. तुझ्या खुर्चीकडे पाठ करून बसेन आणि तबला शेवटच्या थापेपर्यंत ऐकेन, लागेल तितक्या वेळा. फरक कळला, तर डब्यावर हात ठेवून सांगेन. नाही कळला, तर नाही कळला असंच म्हणेन.

तुझा,
नंदू